रॉकेलचा डबा

आमच्या घरात पीठ ठेवायचा जो डबा होता, तो मुळात रॉकेलचा. चौकोनी, पत्र्याचा, वरचा पत्रा कापून झाकण बसवलेला. त्याचाच एक जोडीदार पाणी भरायला. त्याच्या तोंडाला आडवा लाकडी दांडा ठोकलेला. दादी दोघांनाही 'घासलेटका डब्बा'च म्हणायची, पीठ काढतानासुद्धा. ज्यांचं बालपण तालुक्याच्या गावी गेलंय त्यांना हे डबे वर्णन करून सांगायला नकोत.

दोन भाषा शिकवणाऱ्या बाईला शब्द उकरायची खोड असते. 'घासलेट' म्हणजे 'गॅसलाइट', आपल्या तोंडात बसता बसता असा झालेला. 'रॉकेल' म्हणजे 'रॉक ऑइल', खडकातलं तेल. उर्दूने मात्र स्वतःचा 'मिट्टी का तेल' घडवला. पण दादीच्या डब्याचा इतिहास मी शोधायला घेतला तो शब्दांसाठी नव्हे.

गेल्या वर्षी माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या वडिलांनी आपलं किराणा दुकान बंद केलं. त्यांच्या वडिलांनी सुरू केलेलं दुकान. आमच्या टीचर्स रूममध्ये विषय निघाला तेव्हा गणिताचे सर म्हणाले, "मॅडम, वाईट वाटतं हे खरंच. पण गिऱ्हाइकाला स्वस्त मिळतंय, घरपोच मिळतंय. मग दुकानं दहा राहिली काय आणि एक राहिलं काय?" सर माणूस म्हणून चांगले, हिशोबाला पक्के. मला त्या वेळी उत्तर सुचलं नाही. 'स्वस्त' म्हटलं की आपण सगळेच गप्प होतो. हा लेख म्हणजे सरांना उशिरा दिलेलं उत्तर समजा.

मराठीत आपण 'मक्तेदारी' म्हणतो, उर्दूत 'इजारादारी'. दोन्ही शब्द अरबीतून आलेले. इजारा म्हणजे भाड्याने, ठेक्याने देणं. मक्ता ज्या धातूपासून आला त्याचा अर्थ कापणं, तोडणं; गझलेचा शेवटचा शेर, मक़्ता, तोही त्याच घरातला. महसुलातला, जकातीतला किंवा मिठातला एक तुकडा तोडून राज्यकर्त्याने कुणाला तरी चालवायला द्यायचा, तो मक्ता. म्हणजे आपल्या या जुन्या शब्दांत मक्ता देणारा कुणीतरी गृहीत धरलेला आहे. ईस्ट इंडिया कंपनीला पूर्वेकडच्या व्यापाराचा मक्ता १६०० साली राणी एलिझाबेथने सनद देऊन दिला. १८१३ साली पार्लमेंटने चहा आणि चीनचा व्यापार वगळून तो काढूनही घेतला. देणारा दिसत होता, म्हणून कुणाकडे मागायचं आणि कुणाशी भांडायचं हेही कळत होतं.

आता ज्याची गोष्ट सांगणार आहे त्याला कुणीच सनद दिली नव्हती.

२७ ऑगस्ट १८५९ रोजी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात टायटसव्हिल या गावाजवळ एडविन ड्रेक नावाच्या माणसाच्या विहिरीला ६९ फुटांवर तेल लागलं. जमिनीत भोक पाडून तेल काढता येतं हे कळल्यावर त्या खोऱ्यात माणसांची जी झुंबड उडाली, ती सोन्याच्या खाणीवर उडते तशीच. शेतकरी, सुतार, शिंपी, जो तो विहीर खणायला लागला. तेव्हा मोटारी नव्हत्या, पेट्रोल कुणाला नको होतं. पाहिजे होतं ते दिव्याचं तेल, म्हणजे आपलं रॉकेल. व्हेल माशाच्या चरबीचं तेल महाग झालं होतं आणि गरिबाच्या घरात अंधार पडला की दिवस संपायचा.

जॉन डी. रॉकफेलर विहिरी खणण्याच्या भानगडीत पडला नाही. क्लीव्हलंड शहरात तो हिशोबनीस म्हणून कामाला लागला होता; पैशाचा काटकसरी, चर्चला नेमाने जाणारा, दारूला न शिवणारा. त्याने ओळखलं की विहिरी हजारो असतील, गिऱ्हाइकं लाखो असतील, पण मध्ये दोन अरुंद दरवाजे आहेत: तेल शुद्ध करणारे कारखाने आणि ते वाहून नेणारी रेल्वे. १८७० साली त्याने १० लाख डॉलर भांडवलाची स्टँडर्ड ऑइल कंपनी काढली. तेव्हा देशातल्या शुद्धीकरणाचा सुमारे दहावा हिस्सा तिच्याकडे होता. दहाच वर्षांत तो नव्वद टक्क्यांच्या घरात गेला.

हे झालं कसं, त्यातच गणिताच्या सरांचं उत्तर आहे, म्हणून इथे थोडं थांबते.

१८७१-७२ च्या हिवाळ्यात तीन मोठ्या रेल्वे कंपन्या आणि मूठभर तेलशुद्धीकरणवाले यांनी गुपचूप एक करार केला. त्यासाठी 'साउथ इम्प्रूव्हमेंट कंपनी' नावाची एक कंपनी वापरली. नाव वाचून कुणाला वाटावं, रस्ते-गटारं सुधारणारी असेल. करार असा: तेलाच्या वाहतुकीचे दर भरपूर वाढवायचे. करारातल्या मंडळींना वाढलेल्या दरातला मोठा भाग परत द्यायचा. इथपर्यंत आपल्याला ओळखीचं आहे, घाऊक गिऱ्हाइकाला सूट मिळतेच. पण पुढचं कलम ऐका. करारात नसलेल्या माणसाने आपलं तेल रेल्वेने पाठवलं की त्याने भरलेल्या भाड्यातलाही हिस्सा करारातल्या मंडळींना मिळणार. म्हणजे तुम्ही माझे प्रतिस्पर्धी. तुम्ही जितका माल जास्त पाठवाल तितके पैसे माझ्या खिशात. वर कोणी, किती माल, कुठे पाठवला याच्या नोंदीही रेल्वे माझ्या हातात देणार. आणि सामील होणाऱ्या प्रत्येकाने गुप्ततेचं वचन द्यायचं.

हे वाचताना मला हदीसच्या पुस्तकातली एक मनाई आठवली. बाहेरगावचा काफिला धान्य घेऊन बाजाराकडे येत असताना शहरातल्या व्यापाऱ्याने वाटेतच त्याला गाठून माल उचलू नये, असा तो हुकूम. त्याला 'तलक़्क़ी-ए-रुकबान' म्हणतात. कारण सरळ आहे: काफिल्याला बाजाराचा भाव अजून माहीत नाही, आणि बाजाराला माल आल्याचं माहीत नाही. ज्याला दोन्ही माहीत आहे तो दोघांना लुबाडणार. वाट अडवणारा आणि माहिती दाबणारा, बाजाराचे हे दोन रोग सातव्या शतकातल्या अरबस्तानात लोकांनी ओळखले होते.

पण इथे एक कबुली द्यायला हवी. आपल्यातल्या काही वक्त्यांना 'हे सगळं आमच्याकडे आधीच सांगितलंय' असं म्हणायची घाई असते. ते लगेच 'एहतिकार', म्हणजे साठेबाजी, हा शब्द काढतात. एहतिकार निषिद्ध आहे हे खरं. बऱ्याच फ़ुक़हांनी ही मनाई अन्नधान्यापुरती धरली. हारून रशीदच्या काळातले बगदादचे क़ाज़ी इमाम अबू यूसुफ़ मात्र म्हणाले की जी वस्तू अडवून ठेवल्याने लोकांना त्रास होतो ती प्रत्येक वस्तू यात येते. मोठी दृष्टी होती ती. तरीही रॉकफेलर त्यात बसत नाही. त्याने माल अडवला नाही, उलट बाजारात ओतला. १८७० साली गॅलनला सुमारे २६ सेंटला मिळणारं रॉकेल १८८५ पर्यंत ८ सेंटच्या आसपास आलं. साठेबाज ओळखणं सोपं असतं, त्याच्या गोदामात पोती दिसतात. स्वस्त विकणाऱ्याला कुठल्या शब्दात पकडायचं? जुन्या कोणत्याही भाषेत, उर्दू नाही, मराठी नाही, अरबीही नाही, त्यासाठी तयार शब्द नव्हता.

गुप्त करार फार दिवस गुप्त राहिला नाही. फेब्रुवारी १८७२ च्या अखेरीस तेलखोऱ्यातली माणसं झोपेतून उठली तर भाडं जवळजवळ दुप्पट झालेलं. टायटसव्हिलच्या नाटकगृहात हजारोंची सभा भरली. या कटातल्या कुणालाही तेल विकायचं नाही असा बहिष्कार पुकारला गेला आणि तो खरोखर पाळला गेला. वसंत ऋतू येईतो रेल्वेवाल्यांनी माघार घेतली, विधिमंडळाने त्या कंपनीची सनद रद्द केली. लोक जिंकले.

आणि तरी हरले. कारण खोऱ्यात आंदोलन चालू असताना तिकडे क्लीव्हलंडमध्ये रॉकफेलर एकेका कारखानदाराला भेटत होता. रेल्वेचा तो करार सगळ्यांच्या डोक्यावर टांगलेला होताच. तुम्ही विका, रोख घ्या नाहीतर माझ्या कंपनीचे शेअर घ्या. काही आठवड्यांत शहरातल्या २६ कारखान्यांपैकी २२ त्याच्या हातात गेले. ज्यांनी शेअर घेतले ते पुढे श्रीमंत झाले हेही सांगितलं पाहिजे. पण त्या २२ जणांना 'नाही' म्हणायची सोय होती का, हा माझा प्रश्न आहे. भाव योग्य मिळाला असेलही. दार एकच उघडं ठेवलेलं होतं.

पुढे पुढे हे काम किराणा दुकानापर्यंत पोचलं. रॉकेल तेव्हा किराणा दुकानातच मिळे. एखाद्या गावात दुसऱ्या कंपनीचं तेल ठेवणारा दुकानदार दिसला की स्टँडर्डचा माणूस त्याला भेटे. ऐकलं नाही तर त्याच्या शेजारी तेल इतकं स्वस्त विकायचं की त्याचं दुकान बसावं. तिथला तोटा जिथे कुणी प्रतिस्पर्धी उरलेला नाही तिथे भाव चढवून भरून काढायचा. सरकारी चौकशीतही हे गावागणिक वेगळे भाव नंतर समोर आले. म्हणजे 'स्वस्त' हा एकच भाव नव्हताच. ज्या गावात लढाई चालू, तिथे स्वस्त. वरून काही कंपन्या स्वतंत्र असल्याचं भासवत आणि आतून स्टँडर्डच्याच असत. मोठ्या कंपनीला धडा शिकवायचा म्हणून त्यांच्याकडून तेल घेणारा माणूस अखेर मोठ्या कंपनीचंच तेल जाळत असे.

मग आला ट्रस्ट. आमच्याकडे शाळेचा ट्रस्ट असतो, मशिदीचा ट्रस्ट असतो. 'अँटिट्रस्ट' हा शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हा मला वाटलं, धर्मादाय आयुक्तांकडचं काही प्रकरण असेल! खरी भानगड अशी की अमेरिकेत तेव्हा एका राज्यातल्या कंपनीला दुसऱ्या राज्यांतल्या कंपन्या बाळगणं कायद्याने अवघड होतं. रॉकफेलरचा वकील सॅम्युएल डॉड याने तोड काढली. १८८२ साली सगळ्या कंपन्यांच्या भागधारकांनी आपले शेअर नऊ विश्वस्तांच्या हवाली केले. अनाथांच्या मालमत्तेचा सांभाळ करायला बनवलेलं कायद्याचं हत्यार असं कामाला लागलं. मग साखरेचा ट्रस्ट झाला, दारूचा झाला. नऊ माणसं एका खोलीत बसून ठरवणार, आणि लेखी पाहिलं तर कंपनी एक नाहीच.

२ जुलै १८९० रोजी शर्मन कायदा झाला. सेनेटमध्ये ५१ विरुद्ध १, प्रतिनिधिगृहात २४२ विरुद्ध शून्य. इतक्या एकमताने झालेल्या कायद्याकडे मी जरा संशयाने पाहते. आणि झालंही तसंच. १८९५ साली साखरेच्या ट्रस्टविरुद्धचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. देशातली जवळपास सगळी साखर त्या ट्रस्टच्या कारखान्यांत शुद्ध होत होती. न्यायालय म्हणालं, साखर बनवणं म्हणजे 'उत्पादन', तो 'व्यापार' नव्हे, म्हणून केंद्राचा कायदा लागू नाही. मात्र टोप्या बनवणाऱ्या कामगारांच्या संघटनेने एका मालकाच्या मालावर बहिष्कार घातला तेव्हा १९०८ सालच्या निकालाने हाच कायदा कामगारांना बरोबर लागू झाला. धनदांडग्यांसाठी खणलेल्या खड्ड्यात मजूर पडला.

कायद्यात जीव आला तो एका बाईमुळे, असं म्हटलं तर फार अतिशयोक्ती होणार नाही. आयडा टार्बेल १८५७ साली पेनसिल्व्हेनियात जन्मली. वडील तेल साठवायच्या लाकडी टाक्या बनवत, नंतर तेलाच्या धंद्यात उतरले. १८७२ च्या बहिष्कारात तिचे वडील होते; ती तेव्हा चौदा वर्षांची. शिक्षण झाल्यावर दोन वर्षं तिने ओहायोतल्या एका शाळेत शिकवलं, ढीगभर विषय आणि पगार तुटपुंजा. (हे वाचून मला तिच्याविषयी जी जवळीक वाटली ती इतिहासाच्या दृष्टीने निरुपयोगी आहे, पण सांगून टाकते.) मग ती पत्रकार झाली. नोव्हेंबर १९०२ पासून 'मॅक्क्लुअर्स' मासिकात तिने स्टँडर्ड ऑइलचा इतिहास १९ भागांत लिहिला. शिव्याशाप नाहीत. न्यायालयातल्या साक्षी, विधिमंडळांचे अहवाल, रेल्वेचे दर, कारखानदारांच्या तोंडच्या हकिकती. पानंच्या पानं कागदपत्रं.

त्यातला एक किस्सा मी वर्गात सांगितला आहे. स्टँडर्डच्या एका ठाण्यावर एक पोरगा कामाला होता. महिन्याकाठी जुनी कागदपत्रं जाळणं हे त्याचं काम. एकदा त्या कागदांवर त्याला एक नाव वारंवार दिसलं: रविवारच्या धर्मशाळेत त्याला शिकवलेल्या गुरुजींचं. ते स्वतः तेलाच्या धंद्यात होते, स्टँडर्डचे प्रतिस्पर्धी. पोराने कागद जाळायच्या आधी वाचले. रेल्वेची माणसं गुरुजींच्या मालाच्या रवानगीची खबर स्टँडर्डला पुरवत होती. तो माल रोखायला काय करायचं हेही त्यात होतं. पोराने कागद गुरुजींना नेऊन दिले आणि गुरुजींकडून ते टार्बेलबाईंच्या टेबलावर आले. १८७२ साली मोडला म्हणून सांगितलेला करार तीस वर्षांनीही वेगळ्या रूपात चालूच होता, याचा तो पुरावा.

टार्बेलबाई सगळीकडे बरोबर होत्या असं नाही. क्लीव्हलंडच्या एका विधवेला रॉकफेलरने लुबाडलं ही त्यांनी रंगवलेली कथा पुढच्या इतिहासकारांना तितकीशी पटलेली नाही. बाईंना मिळालेली किंमत वाईट नव्हती असं ते म्हणतात. घरच्या जखमेचं रक्त लेखणीत थोडं मिसळलंच. पण कागद खोटे नव्हते.

१९०६ साली थिओडोर रूझवेल्टच्या सरकारने खटला भरला आणि १५ मे १९११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्टँडर्ड ऑइल मोडायचा हुकूम दिला. तिचे ३४ तुकडे झाले. मात्र मुख्य न्यायाधीश व्हाइट यांनी निकालात एक पाचर मारून ठेवली: स्पर्धेला बसलेला प्रत्येक आळा नव्हे, फक्त 'अवाजवी' आळा बेकायदा. न्यायमूर्ती हार्लन यांनी निकाल मान्य करूनही या पाचरीवर कडक हरकत घेतली. संसदेने जो शब्द घातला नाही तो आपण घालतो आहोत, असं त्यांचं म्हणणं. वाजवी काय नि अवाजवी काय यावर वकिलांची घरं तेव्हापासून चालली आहेत.

रॉकफेलरचं काय झालं? तो आणखी श्रीमंत झाला. प्रत्येक तुकड्यात त्याचा वाटा होताच, आणि तुकड्यांच्या शेअरचे भाव चढले. मात्र फुटीचा एक फायदा वाचण्यासारखा आहे. इंडियानातल्या कारखान्यात विल्यम बर्टन नावाच्या रसायनतज्ज्ञाने कच्च्या तेलातून जास्त पेट्रोल काढायची रीत शोधली होती. न्यूयॉर्कच्या मुख्य कचेरीने पैसे द्यायला नकार दिला. कंपनी फुटली, इंडियानाची कंपनी स्वतःची मालक झाली आणि तिने ती रीत लगेच वापरात आणली. एका दाराने नाही म्हटल्यावर दुसरं दार असणं म्हणजे काय, ते हे.

आता दादीच्या डब्याकडे येते.

अमेरिकेचं रॉकेल आशियात येई ते लाकडी खोक्यातून, एका खोक्यात पाच-पाच अमेरिकी गॅलनचे दोन पत्र्याचे डबे. स्टँडर्डचे डबे निळे. १८९० नंतर मार्कस सॅम्युएल या इंग्रज व्यापाऱ्याने, पुढच्या 'शेल' कंपनीच्या संस्थापकाने, रशियाचं रॉकेल सुएझ कालव्यातून थेट टाकीच्या जहाजाने आणायला सुरुवात केली. डबे नाहीत, खोकी नाहीत, म्हणजे खर्च कमी. त्याचा अंदाज असा की लोक आपापली भांडी घेऊन येतील. लोक येईनात! कारण आपल्याकडच्या माणसाला तेलाइतकाच डबा हवा होता. डब्याचं पाणी भरायचं भांडं होई, पिठाचं कोठार होई, कापून सरळ केला की छपराचा पत्रा होई. मग सॅम्युएलनेही डबे करायला घेतले, भडक लाल. पूर्वेकडच्या बाजारांत निळ्या आणि लाल डब्यांची लढाई अशी सुरू झाली. आमच्या घरचा डबा मी पाहिला तेव्हा त्यावरचा रंग उडून गेला होता.

१९२७ साली ही लढाई भारतात पेटली. न्यूयॉर्कची स्टँडर्ड, म्हणजे १९११ च्या ३४ तुकड्यांपैकी एक, सोव्हिएत रशियाचं रॉकेल विकत घेऊन भारतात विकू लागली. शेलचे प्रमुख हेन्री डेटरडिंग भडकले; रशियातल्या त्यांच्या विहिरी क्रांतीनंतर सरकारने घेतल्या होत्या, त्यामुळे ते तेल त्यांच्या लेखी चोरीचा माल. त्यांनी भारतात भाव पाडले. समोरच्यांनीही पाडले. काही काळ रॉकेल स्वस्त झालं. आमच्या गणिताच्या सरांना हवं तसं.

ऑगस्ट १९२८ मध्ये डेटरडिंग यांनी स्कॉटलंडमधला अॅकनाकॅरी नावाचा वाडा भाड्याने घेतला. निमित्त शिकारीचं आणि मासेमारीचं. पाहुण्यांत न्यू जर्सीच्या स्टँडर्डचे वॉल्टर टीगल आणि अँग्लो-पर्शियन ऑइलचे जॉन कॅडमन होते. शिकार किती झाली कोण जाणे. १७ सप्टेंबरला एक मसुदा तयार झाला. त्याचं सार एका वाक्यात: १९२८ साली ज्याचा जिथे जितका वाटा आहे तितका त्याने पुढेही ठेवावा, आणि एकमेकांच्या वाट्यावर चाल करू नये. भाव पाडायची लढाई संपली. ती भारतातल्या दिव्यांवरून सुरू झाली होती, पण त्या वाड्यात दिवा लावणाऱ्यांपैकी कुणी नव्हतं.

या करारात एक देश मात्र वगळला होता: अमेरिका. तिथे शर्मनचा कायदा होता. म्हणजे टार्बेलबाईंचं लिखाण, १८७२ चा बहिष्कार, ती न्यायालयं, यांनी आपल्या माणसांभोवती एक कुंपण घातलं होतं, अर्धवट मोडकं का होईना. कुंपणाबाहेर आपण. १९२८ साली भारतात मक्तेदारीविरुद्ध कायदाच नव्हता. कायदा करणारं सरकारही आपलं नव्हतं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ पुढचं पान उलटलं नाही. दादी तेव्हा लहान असेल. तिच्या घरच्या चिमणीत किती तेल आणि काय भावाने, हा त्या मसुद्यातल्या एका टक्केवारीचा कण होता.

तो करार पुरता पाळला गेला नाही, असे करार क्वचितच पाळले जातात. करारात नसलेल्या कंपन्या मध्ये घुसत राहिल्या. पण प्रवृत्ती बदलली नाही. १९३३ साली न्यू जर्सी आणि न्यूयॉर्कच्या स्टँडर्ड कंपन्यांनी, ज्यांना न्यायालयाने १९११ साली वेगळं केलं होतं, आशियातल्या धंद्यासाठी 'स्टँडर्ड-व्हॅक्यूम' ही भागीदारीतली कंपनी काढली. अमेरिकेत दोन, आपल्याकडे एक. १९५२ साली अमेरिकेच्या व्यापार आयोगाने या सगळ्या तेलकटाचा अहवाल छापला तेव्हा अॅकनाकॅरीचा तपशील लोकांसमोर आला. त्यावरून फौजदारी कारवाई सुरू होणार होती. जानेवारी १९५३ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी देशाच्या सुरक्षेचं कारण देऊन ती दिवाणीवर आणली. रेंगाळलेल्या त्या दिवाणी खटल्यामुळेच अखेर १९६२ साली स्टँडर्ड-व्हॅक्यूम फुटली. तिने १९५४ साली मुंबईत तुर्भ्याला उभारलेला शुद्धीकरण कारखाना 'एस्सो'कडे गेला, आणि १९७४ साली भारत सरकारने एस्सो ताब्यात घेतल्यावर हिंदुस्तान पेट्रोलियमकडे. आज ज्यांच्या ओट्याखाली एचपीचा सिलिंडर आहे, त्यांच्या घरात रॉकफेलरच्या कंपनीचं एक दूरचं नातं आहे.

आपल्या संविधानाच्या कलम ३९ मध्ये संपत्ती आणि उत्पादनाची साधनं लोकांना बाधक होतील अशी एकवटू नयेत, असं राज्याला सांगितलेलं आहे. १९६९ साली मक्तेदारीविरोधी कायदा आला. त्याने मोठ्या घराण्यांना अडवण्याच्या नावाखाली परवान्यांच्या फायली वाढवल्या, आणि ज्याची दिल्लीत ओळख त्याची फाइल पुढे. २००२ चा स्पर्धा कायदा त्याची जागा घ्यायला आला. त्याच्या आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला अँड्रॉइड फोनच्या प्रकरणात १,३३७ कोटींहून अधिक दंड ठोठावला. तिकडे ऑगस्ट २०२४ मध्ये वॉशिंग्टनच्या एका न्यायाधीशांनी गूगलने मक्तेदारी टिकवण्यासाठी शर्मन कायदा मोडल्याचा निकाल दिला. १३४ वर्षांचा कायदा, आणि वस्तू अशी की तिला किंमतच नाही. शोध फुकट आहे. रॉकेल ८ सेंटला होतं, हे शून्याला. १९७८ साली रॉबर्ट बोर्क या विद्वानाने असं मांडलं की अशा कायद्याने फक्त ग्राहकाचं हित पाहावं, आणि पुढे न्यायालयांत ते मोजलं गेलं मुख्यतः भावावर. अमेरिकी न्यायालयं दीर्घकाळ त्याच वाटेने चालली. भाव शून्य असेल तर त्या फूटपट्टीने काय मोजणार? लीना खान या तरुणीने २०१७ साली विद्यार्थी असताना अॅमेझॉनविषयी नेमका हा प्रश्न विचारला आणि चार वर्षांत ती व्यापार आयोगाची अध्यक्ष झाली.

हे सगळं मी गणिताच्या सरांना तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. मधल्या सुट्टीत, चहा घेता घेता. ते सहजासहजी ऐकणाऱ्यांतले नाहीत. म्हणाले, "मॅडम, पण रॉकेल स्वस्त झालं हे तर खरं ना?" मी म्हटलं, खरं. "मग?" मी त्यांना क्लीव्हलंडचे २२ कारखानदार पुन्हा सांगितले. थोडा वेळ त्यांनी पेनाचं टोपण काढलं-घातलं. मग विचारलं, "त्या मुलाचे वडील आता काय करतात?"

ते पार्सलं पोचवतात. सकाळी गोदामावर हजर होतात, मोटारसायकल स्वतःची, पेट्रोलही स्वतःचं. एका पार्सलमागे किती मिळणार हे त्यांना मोबाइलवर कळतं. मागच्या महिन्यात तो दर कमी झाला. कोणाशी बोलायचं हे त्यांनी गोदामातल्या पोऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, "चाचा, मलाही मोबाइलवरच कळलं."